सहा बैल आणि त्रिंबकराव सलोत्री

त्रिंबकराव गेले ही बातमी मला किन्हवलीच्या बाजारात सुक्या मिरच्या निवडताना कळली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला तो "कशावरून?" बातमी सांगणारा मुरबाडचा कासार माझ्याकडे बघतच राहिला. "अवो मास्तर, मी सोता खांदा दिलाय," तो म्हणाला. त्यावर मी, देव मला क्षमा करो, "पण तोंड नीट पाहिलंत का?" असे विचारले. कासाराने बांगड्यांची पेटी उचलली आणि पुढे तो माझ्याशी बोलला नाही. त्याचे बरोबरच होते. पण मी तरी काय करणार? ज्या माणसावर मी आयुष्यात सर्वांत जास्त संशय घेतला, तो एका सकाळी छातीत कळ येऊन, चहा अर्धा टाकून निघून जातो, यावर माझा एकदम विश्वास बसेना. वाटले, यातही त्यांचा काहीतरी हेतू असणार.

त्रिंबकराव मुरबाडला गुरांच्या दवाखान्यावर होते. गुरांच्या सरकारी डॉक्टरला आमच्याकडे सलोत्री म्हणतात. ते आमच्या गावात पहिल्यांदा आले ते लढाईच्या दिवसांत, चैत्राच्या उन्हात, सायकल हातात धरून. सायकलवर बसायला जागाच नव्हती. मागे एक लाकडी पेटी, तिच्यात भाताचे तूस, तुसात बर्फ आणि बर्फात बाटल्या. हा बर्फ कल्याणहून रेल्वेने आसनगावला उतरवलेला. गाव जमले ते बर्फ बघायला. एकाने हात लावला आणि भाजल्यासारखा ओरडला. त्या ओरडण्याने निम्मे काम तिथेच बिघडले.

त्यांनी चावडीपुढे उभे राहून सांगितले की हे बुळकांडीवरचे नवे औषध आहे. बुळकांडी म्हणजे काय ते आमच्या गावाला सांगावे लागत नव्हते. बैलाच्या डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, पोटाला जुलाब, आणि आठवड्याच्या आत दावे रिकामे. त्यामुळे सगळे गप्प बसून ऐकत होते. तेवढ्यात देवकीकाकूने विचारले, "यात हाय तरी काय?" देवकीकाकू म्हणजे खालच्या पाड्यावरची एकटी बाई, दोन बैल आणि एक जीभ यांवर संसार रेटणारी. एखाद्या शहाण्या माणसाने सांगितले असते की हिमालयातली मुळी आहे. त्रिंबकरावांनी खरे सांगितले! "रोगच आहे. पण शेळ्यांच्या अंगातून एकामागून एक काढून त्याचा जोर मोडलाय. बैलाला चार-पाच दिवस ताप येईल, चारा टाकेल, मग जन्मभर बुळकांडी शिवायची नाही."

काकू उठून उभी राहिली. "म्हंजे नाय त्यो रोग आणून घालायचा आन् वर उपकार केला म्हनून सांगायचं! आरं, माझा बैल तुझ्या शेळीच्या पाया पडाया गेला व्हता काय रं?"

चावडी हसली. त्रिंबकराव हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली, आणि मग हसणारेही थांबले. प्रत्येक बैलाचा रंग, शिंगे, वय, धन्याचे नाव लिहायचे होते. आणि टोचल्यावर दहा दिवस रोज ताप मोजायचा होता, कारण डोंगराकडच्या आमच्या डांगी गुरांना हे औषध कितपत सोसते ते वरच्या लोकांना पाहायचे होते. आता तुम्हीच सांगा. लढाई चाललेली, पलटणीसाठी ढोरे उचलतात अशी कुजबूज रोज कानावर येणारी, आणि एक परका माणूस तुमच्या धडधाकट बैलांची यादी करायला येतो. सरकारला आमच्या बैलाच्या तापाची काळजी! आमची पोरे तापाने फणफणायची तेव्हा कोण सायकल ढकलत आले होते?

त्यांना टोचलेल्या बैलाच्या कानाला खूण म्हणून भोक पाडायचे होते. पाटील म्हणाले, "त्ये जमायचं नाय. कान फाटलेला बैल गावदेवीच्या गाड्याला चालत नाय." त्रिंबकराव म्हणाले, "ठीक. कानाला हात लावणार नाही. तुमच्या शब्दावर आणि माझ्या वहीवर चालू." हे त्यांनी सहज दिले. एवढे सहज कोणी काही देते तेव्हा मला हमखास संशय येतो.

आणि इथे मी रंगमंचावर येतो. मी गावच्या शाळेचा मास्तर खरा, पण जत्रेतल्या सोंगांची रंगरंगोटी ही माझी खरी विद्या. एकाच माणसाला संध्याकाळी रावण आणि तासाभराने सीता करावी तर मीच. त्रिंबकराव विहिरीवर हातपाय धुवायला गेले तेवढ्यात मी पाटलांच्या कानात सांगितले, "नाही म्हटलं तर शिपाई घेऊन येईल. हो म्हणू या. गावातली निरुपयोगी सहा ढोरं काढा. तीच रंग बदलून तिन्ही पाड्यांवर दाखवू." पाटील माझ्याकडे बघून हळूहळू हसले. ते हसू मला आजही दिसते... आणि आता ते मला गोड लागत नाही.

सहा नट निवडले. एक डोळ्याने अधू, एक मागच्या पायाने लंगडा, बाकीचे नुसते म्हातारे. पहिल्या दिवशी मोठ्या आळीत ते आपापल्या रूपात टोचून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या पाड्यावर त्यांचीच शिंगे हिंगुळाने लाल, कपाळावर चुन्याचा चांद. तिसऱ्या दिवशी वरच्या पाड्यावर शिंगे काळी, पाठीवर गेरूचे ठिपके. लंगड्याचे लंगडणे लपवायला मी त्याला प्रत्येक वेळी आधीच बसवून ठेवी. मग दहा दिवस रोज ताप मोजणे. त्रिंबकराव एका पाड्यावर बैलाच्या शेपटीखाली काचेची नळी लावून बसलेले असायचे आणि आम्ही मोजून झालेले बैल ओढ्याकडच्या वाटेने पुढच्या पाड्यावर पळवायचो. मध्ये त्यांना चहा, चहानंतर सुपारी, सुपारीनंतर पाटलांच्या मुंबईच्या जावयाची गोष्ट. तेवढ्यात मी गोठ्यात एका हाताने रंग पुसतोय, दुसऱ्याने फासतोय. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत रंगलेला प्रयोग!

आमच्या घरातून मात्र टाळी पडली नाही. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी विचारले होते, "आपला मोरा आणि काजळ्या टोचून घेतले तर?" मोरा आणि काजळ्या ही माझी जोडी, तिने वासरे असल्यापासून हाताने चारून वाढवलेली. मी म्हणालो, "मीच गावाला सांगतो आणि मीच टोचून घेतो, हे कसं दिसेल?" ती म्हणाली, "कसं दिसेल त्येच बघा तुमी जन्मभर."

टोचण्याच्या दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली होती. खालच्या पाड्यावर एका बैलाने मान झटकली, म्हणून त्रिंबकरावांनी त्याचे शिंग धरले. हात काढला तेव्हा अंगठा लाल. त्यांनी अंगठ्याकडे पाहिले. बैलाकडे पाहिले. मग माझ्याकडे. नंतर रुमालाला अंगठा पुसला आणि पुढचा बैल बोलावला. त्या घटकेपासून मला झोप नाही. या माणसाला कळले असेल तर हा बोलत का नाही? आठवडाभर मी शिपायाची वाट पाहिली. महिना गेला, दोन गेले, कोणी आले नाही, आणि जसजसे कोणी येईना तसतसा माझा संशय वाढत गेला.

आषाढात बुळकांडी आली. भाताची रोपे लावणीला तयार, खाचरात पाणी, आणि गोठ्यांतून तो वास. ती वर्णने मी करणार नाही. आमचा काजळ्या चौथ्या दिवशी गेला. मान बायकोच्या मांडीवर होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. देवकीकाकूचे दोन्ही बैल एकाच दिवशी गेले. पाटलांची दावण अर्धी झाली. आणि गावाच्या मधोमध ते सहा म्हातारे, लंगडा, अधू, सगळे निवांत रवंथ करीत उभे. कोणी एका शब्दाने मला काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

त्रिंबकराव चिखल तुडवत आले. काळू नदीला पूर होता, सायकल पलीकडेच टाकलेली. पेटी डोक्यावर. मी मोराला घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा होतो, ऐकून घ्यायच्या तयारीने. त्यांनी पिचकारी भरली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उरलेली सगळी आणा मास्तर. शिंगं रंगवत बसू नका, मला वेळ नाही."

मोरा वाचला, आणखीही काही वाचले. पण जोड्या फुटल्या होत्या. त्या वर्षी गावातल्या कितीतरी खाचरांची चिखलणी त्या सहा म्हाताऱ्यांनी केली. आज या पाड्यावर, उद्या त्या पाड्यावर, ओढ्याकडच्या त्याच वाटेने. लंगड्याबरोबर मोरा जुंपून मी माझे खाचर उरकले. तो लंगडा दर फेरीला थांबायचा, आणि मीही थांबायचो.

पुढच्या वर्षापासून त्रिंबकरावांनी एक नवीन प्रथा सुरू केली. नव्या वासरांना टोचले की परत जायचे नाही. ताप उतरेपर्यंत दहा दिवस ते माझ्या शाळेतच मुक्काम ठोकायचे, मागच्या भिंतीलगतच्या बाकावर. ज्याच्या वासराने चारा टाकला त्याने थेट यावे आणि त्यांना शिव्या द्याव्यात. लोक यायचे. देवकीकाकू तर जेवून, पान खाऊन, सवडीने यायची. "आवं सलोत्री, माझी कालवड गेली तर तुमाला जुंपीन नांगराला!" ते म्हणायचे, "जुंपा. पण उद्या सकाळी आधी ताप मोजू." पोरे पाढे म्हणत असायची आणि मागे हे भांडण. मला वाटायचे, हा माणूस इथे राहतो तो आमच्यावर नजर ठेवायला.

माझा एक संशय मात्र मी वर्षानुवर्षे आत दाबून ठेवला होता. अखेर गेल्या चैत्रात, त्या बाकावर ते पोस्टकार्ड लिहीत असताना, मी विचारून टाकले. "सलोत्री, एका गावात काही ढोरं टोचलेली, बाकीची नाहीत, आणि रोग सगळ्यांवर सारखाच आला. तुमच्या वरच्या लोकांना याहून चांगला पुरावा कुठं मिळाला असता? तुम्ही म्हणूनच गप्प बसलात ना? आमच्या बैलांचा ताळा करून बघितलात?"

त्यांनी टाक खाली ठेवला. मला वाटले, आता संतापतील. ते म्हणाले, "असं झालं खरं. त्या सहा बैलांचा ताप तुम्ही मला दिवसातून तीनदा मोजायला लावलात. इतकी बारीक नोंद कोणीच पाठवली नव्हती. वरून शाबासकीचं पत्र आलं. मी ते फाडलं नाही, आणि कोणाला दाखवलंही नाही."

"म्हणजे जाणूनबुजून..."

"नाही मास्तर. इतका हुशार मी नाही. मला राग आला होता. मी तुमच्या शब्दावर कान सोडले होते. अंगठा लाल झाला तेव्हा मनात म्हटलं, मरू देत यांची ढोरं. तिसऱ्या पाड्यावर मी पिचकारीत नुसतं मिठाचं पाणी भरलं. तुमच्या वाटणीचं औषध बर्फ वितळायच्या आत पुढच्या गावाला नेऊन टोचलं. तिथं एकही बैल गेला नाही. एकदा परत येऊन तुमच्या दारात उभं राहायला हवं होतं. तीन महिने होते. मी राग धरून बसलो." मग पोस्टकार्डाकडे बघत म्हणाले, "तुमच्या काजळ्याचं मला अजून वाटतं."

घरी जाऊन मी ते बायकोला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणून राहत असतील इथं दहा दिस." एवढेच. मी इतकी वर्षे ज्याला नजर ठेवणे समजत होतो ते काय होते, हे तिला एका वाक्यात कळले.

ते गेल्यावर महिन्याभराने यंदाचे टोचणे आले. नवा डॉक्टर मोटारीने आला, तरुण, हसरा, स्वच्छ. दुपारपर्यंत सगळी वासरे टोचली, वही मिटली आणि परतीच्या मोटारीने गेला. कोणी भांडले नाही. भांडायला तो थांबलाच नाही.

चौथ्या दिवशी पोरे पाढे म्हणत असताना देवकीकाकू शाळेच्या दारात आली. आता ती वाकली आहे. तिने मागच्या भिंतीकडे पाहिले. बाक रिकामा होता.

"मास्तरा, माझ्या कालवडीला ताप हाय. चारा नाय खात."

"उतरेल काकू. दोन दिवसांत उतरतो."

"त्ये मला ठावं हाय रं," ती म्हणाली. दारातून हलेना. "पन मी भांडू कोनाशी?"

मी पोरांना पाढे चालू ठेवायला सांगितले, मागे गेलो आणि त्या बाकावर बसलो. "माझ्याशी भांड," म्हणालो.

काकूने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले. मग तिने पदर खोचला आणि सुरुवात केली.