पेरू, बेरी आणि आप्पांचा फोन

गेल्या रविवारी सकाळी केडगावच्या आमच्या स्वयंपाकघरात मी मेथी निवडत बसले होते. मोबाईलवर माझा आवडता ब्रिटिश कॉमेडी पॅनल शो चालू होता...

ज्यांनी असे शो पाहिले नाहीत त्यांच्यासाठी... चार विनोदी माणसं, एक सूत्रधार आणि काहीतरी भन्नाट प्रश्न. उत्तरापेक्षा टिंगलच जास्त, पण हसता हसता डोक्यात काहीतरी नवीन शिरतं. त्यांच्या मंत्र्यांवरचे विनोद माझ्या डोक्यावरून जातात, बाकीचं सबटायटल्सच्या जोरावर निभावतं.

एका विनोदावर मी खदखदून हसले... आणि एकदम ओशाळले. समोर आप्पा बसले होते, माझे सासरे.

सासूबाईंना जाऊन तीन महिने झालेत. त्यानंतर आम्ही आप्पांना पुणतांब्याहून इकडे आणलं. तिथे पेरूच्या बागेत त्यांचं आयुष्य गेलं, इथे खुर्चीत दिवस जातो. 'हो', 'नको', 'जेवलो'... एवढंच बोलणं. गावाकडून फोन आला तरी मानेनेच नको म्हणायचे.

मी मोबाईल बंद करायला हात पुढे केला, तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काय म्हनत्यात ती एवढं?"

मी चकित... मग शो थांबवून थांबवून मराठीत सांगू लागले. "आप्पा, ते म्हणतायत की वनस्पतीशास्त्राप्रमाणे स्ट्रॉबेरी ही बेरीच नाही. आणि केळं मात्र बेरी आहे!"

"केळं? काय बी सांगत्यात!"

मी कारण सांगितलं. फुलातल्या बीजांडकोशाचंच सगळं फळ व्हायला हवं, आत गर आणि गरात बिया. स्ट्रॉबेरीत तसं नसतं... आप्पांनी खिडकीबाहेर नजर वळवली. मला वाटलं, संपलं.

"मंग आपला पेरू?"

शोमध्ये पेरूचं नाव नव्हतं, म्हणून मी शोधलं. "आप्पा... पेरू पण बेरीच आहे."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, खांदे हलायला लागले. "लाव तात्याला फोन!"

तात्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. आता बाग तेच बघतात. मी स्पीकरवर लावून दिला.

"तात्या, वावरात काय हाय रं आपल्या? ...पेरू न्हाई, येड्या! बेरी हाय, बेरी!"

तिकडून तात्यांनी थोरल्या भावालाच वेड्यात काढलं. दोघं मोठमोठ्याने भांडले, हसले... मग तात्या म्हणाले, "वयनीला सांगितलं असतं तर?"

"म्हनली असती, बेरी असू दे न्हाईतर बोरं, आधी हात धुऊन जेवाया बसा."

पलीकडे तात्या हसले. आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी सासूबाईंचा विषय काढू दिला होता, स्वतः बोलले होते... मी खाली मान घालून मेथी निवडत राहिले, काही दिसत नव्हतं तरी.

फोन ठेवल्यावर आप्पांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढली. "लाव पुढं. आनखी काय म्हनत्यात बघू."

त्या चार गोऱ्या माणसांना पुणतांबा कुठे आहे तेही ठाऊक नसेल... पण माझ्या सासऱ्यांना त्यांनी बोलतं केलं. त्यांचे आभार कुठल्या भाषेत मानावेत, कळत नाही.