बाबांना माझ्यापासून सुट्टी

वडिलांना लकवा झाला त्याला दोन वर्षं होत आली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण कळेल इतकं. बायको सकाळीच अंगणवाडीत जायची. मी पिंपळगाव राजात घरीच शिलाईकाम करायचो. त्यामुळे त्यांना उठवणं, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. मी ते चोख करायचो. गावात माझं कौतुक व्हायचं, आणि मला ते आवडायचंही.

एका दुपारी दोन ब्लाउज द्यायची घाई होती. वडील घास तोंडात घोळवत बसले. मी ओरडलो, "बाबा, लवकर तोंड उघडा न!" त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. रात्रीही जेवले नाहीत. बायकोने मला न विचारता मेहकरला माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला.

ती दुसऱ्याच दिवशी बसने आली. "आठ दिवस मी हाय. तू जाय कुठी बी."

मी गोळ्यांच्या वेळा सांगू लागलो, तसं तिने अडवलं. "मह्या सासूले मी सहा वर्सं पाह्यलं, भाऊ. मले शिकवू नको."

मी वडिलांकडे पाहिलं. वाटलं, ते तरी थांब म्हणतील. ते एकेक शब्द जुळवत म्हणाले, "जाय. मले बी तुह्यापासून सुट्टी पाहिजे."

हे फार लागलं. त्याच रागात मी मलकापूरला शाळेतल्या मित्राकडे गेलो.

पहिल्या दिवशी सात वेळा फोन केला. नंतर बहिणीने उचलणंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन जरा टेकलो, तो संध्याकाळी उठलो. मित्राची आई दोनदा श्वास बघून गेली होती म्हणे. चौथ्या दिवशी बाजारात हिंडून कचोरी खाताना लक्षात आलं, आज घरी फोनच केला नाही. आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

आठव्या दिवशी घरी परतलो, तर वडील खुर्चीत बसून डाव्या हाताने जेवत होते. सदऱ्यावर वरण, मांडीवर भाकरीचे तुकडे. मी धावलो. बहीण म्हणाली, "काऊन? एक हात चांगला हाय न त्याईचा. खाऊ दे."

पाऊण तास लागला. मी दहा मिनिटांत भरवून मोकळा व्हायचो. दोन वर्षांत मी त्यांना हा हात एकदाही वापरू दिला नव्हता. वडिलांनी ताट पुसून खाल्लं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "झोपला का रे पोटभर?"

तेव्हापासून बहीण दर तीन महिन्यांनी आठ दिवस येते. मी गोळ्यांचं सांगत नाही, निघतो. परत आलो की वडील मला नव्या गोष्टी दाखवायला तयार असतात. मागच्या वेळी सदऱ्याची बटणं स्वतः लावली होती.

यंदा शेजारच्या काकूंना लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं, पण काका अंथरुणाला खिळलेले. मी म्हटलं, "जा तुम्ही. काकांचं मी पाहतो."

त्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दारात उभ्याच राहिल्या. मी चिठ्ठी घेतली, पूर्ण वाचली आणि त्यांची पिशवी उचलून बसथांब्याकडे चालू लागलो.