उलट्या क्रमाचं भात

कार्ल्याला आमच्या शेतात एका वर्षी भात आधी झोडलं गेलं, मग कापलं गेलं, त्यानंतर लावलं गेलं आणि सगळ्यांत शेवटी पेरलं गेलं. हे सारं इंग्रजीत झालं, म्हणून बैलांना त्रास पडला नाही.

मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात बी. ए. करत होतो. गांधीटोपी आणि विलायती कापड यांवरून घराघरांत वाद होत असतानाचा तो काळ. आमचे इंग्रजीचे प्रोफेसर मात्र फक्त लिखाणावरून वाद घालत. (हसल्याने दात झिजतात अशी त्यांची समजूत असावी.) वर्षभर आम्ही त्यांना फुलाफुलांचे निबंध लिहून दिले होते, सूर्य उगवला की पानभर, मावळला की आणखी पानभर. एक दिवस त्यांनी ते सगळे परत केले आणि बजावलं, की आता विद्वानांसारखं लिहायला शिका. आपल्या गावच्या पिकावर लिहा, पण एकही विधान हवेतून आणू नका. ते कुठून कळलं याची टीप पानाच्या तळाशी द्या. पुस्तक असेल तर पुस्तकाचं नाव, माणूस असेल तर माणसाचं. ज्याचं लिखाण पसंत पडेल त्यालाच ऑनर्सच्या वर्गात जागा होती. त्या वर्गात मला जायचंच होतं. इतकं, की जेवतानाही मी आमटीला टीप देत होतो!

मावळच्या भातावर पुस्तक काही मिळालं नाही. तेव्हा शनिवारी मळवलीला गाडीतून उतरलो, चालत घर गाठलं आणि वडिलांपुढे कागद घेऊन बसलो. आबांना अक्षरओळख नव्हती. पण रोपांच्या वाफ्यासाठी पालापाचोळ्याचा राब कसा भाजायचा, आंबेमोहोराचं बी किती दाट फेकायचं, हे ते सांगायला लागले की ऐकत राहावं. मी भराभर लिहून घेत होतो. मधेच त्यांनी विचारलं, की खाली तळाला काय खरडतोस. मी म्हणालो, तुमचं नाव. ज्याच्याकडून कळलं त्याचं नाव खाली घालायची रीत आहे.

आबांचा चेहरा उतरला.

"म्हंजी लग्नपत्रिकेवानी?"

"तसंच समजा."

"मग पाटलाला इचारलंस का? गावचा कागुद पुण्याला चाललाय, अन् पयलं नाव माजं? आपल्याला हितंच ऱ्हायचंय, बाळा."

भीती खोटी नव्हती. पत्रिकेत नावं मागेपुढे झाली म्हणून आमच्या भावकीतली दोन घरं एकमेकांच्या तेराव्यालासुद्धा जात नव्हती. मी निमूटपणे पाटलांकडे गेलो. पाटील शेतावर पाय ठेवायचे ते भात खळ्यावर आल्यावरच, त्यामुळे त्यांना झोडणी तेवढी ठाऊक. ती त्यांनी साग्रसंगीत सांगितली. (खळ्यावर त्यांची घोंगडी कुठे अंथरतात, हेही त्यात आलं.) त्यांच्यानंतर मान थोरले चुलते तुकाभाऊ यांचा. त्यांनी कापणी सांगितली. मग आई चुलीपासूनच म्हणाली, की चिखलात वाकून रोपांची आवणी आमी बायकांनी करायची, ती बाप्ये काय सांगनार? नाव घातलं न्हाईस तरी चालंल, पर चुकीचं लिवू नगंस. मी तिचंही नाव घातलं. पेरणी आबांची, पण ते यजमान, म्हणून ते सगळ्यांच्या मागे.

अशी मानाप्रमाणे नावं लागली, नावांप्रमाणे टिपा लागल्या आणि टिपांप्रमाणे मजकूर. परिच्छेद एकमेकांना सांधलेले हवेत असं प्रोफेसरांनी शिकवलं होतं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी मी 'परंतु याच्याही पूर्वी' अशा अर्थाचे भारदस्त इंग्रजी शब्द बसवले. वाचून माझा मलाच अभिमान वाटला.

प्रोफेसरांनी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला. झोडणी झाली, कापणी झाली, आवणी झाली आणि शेवटच्या ओळीत बी जमिनीत गेलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, की तुमच्या गावात शेवटी खायला काय उरतं? हसून हसून वर्ग बाकांवरून खाली यायचाच राहिला होता. मी खाली मान घालून मानपानाची सगळी हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, टिपा उत्तम आहेत, एकही काढू नका. पण भात पेरण्यापासून सुरू करा आणि सोमवारी आणून द्या. नाहीतर ऑनर्स विसरा.

म्हणजे आबा पहिले आणि पाटील शेवटी! घरी येऊन आबांना हे सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी पाहुण्यांच्या पानापुरती सुपारी कातरून ठेवली. मग उठून त्यांनी पाटील, तुकाभाऊ आणि आई अशा तिघांचीही बैठक अंगणात घातली आणि मला नवा निबंध तिथेच वाचायला सांगितला. पाटलांच्या कपाळावर आठी दिसताच आबा हात जोडून म्हणाले,

"पाटील, देवीची पालखी निघती तवा दिवटीवाला म्होरं अस्तो, पालखी मागनं येती. मी आपला दिवटी धरून म्होरं जातो. तुमी मागनं या."

पाटलांची आठी गेली. मी अस्खलित इंग्रजीत वाचायला लागलो. कुणाला शब्द कळत नव्हता, पण आपलं नाव कधी येतंय इकडे सगळ्यांचे कान. तुकाभाऊंनी नाव येताच पागोटं सारखं केलं. आईने पदर नीट केला. पाटील तर शेवटचं नाव आल्यावर उठून उभेच राहिले. सगळे पान खाऊन गेले आणि आबा माझ्याजवळ येऊन बसले.

"माजं नाव आलं न्हाई का रं?"

ते पहिल्याच ओळीला आलं होतं. तेव्हा आबा पाटलांच्या बुडाखाली घोंगडी सारत होते. जन्मभर शेवटी बसलेल्या माणसाने आपलं नाव सुरुवातीला ऐकायचं तरी कसं? मी सांगितलं, की पहिलं नाव तुमचंच होतं. ते लाजले.

"पुन्ना वाच," म्हणाले.

मी वाचलं. तेवढीच ओळ त्यांनी आणखी एकदा वाचायला लावली, आणि मग 'बरं लिवलंय' म्हणून बैलांना वैरण टाकायला गेले.

ऑनर्सचा वर्ग मिळाला. पुढे जन्मभर इंग्रजीत लिहीत आलो, सगळं क्रमवार, सगळं टिपांसकट. आबा जाऊनही आता खूप काळ लोटला. अजूनही लेख पुरा झाला की त्या अंगणात जाऊन बसावंसं वाटतं, आणि तिथे कोणी नाही हे आठवून जीव कासावीस होतो. माझे लेख मोठमोठ्या विद्वानांनी वाचले. काहींनी तर शेवटपर्यंत वाचले असं कानावर आहे. पण 'पुन्ना वाच' म्हणणारा वाचक मला एकच लाभला, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं!