मंगेशने सांगितलेला सीन

भुताखेताच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अकोल्यात जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. देवाचे हार तिथूनच जातात आणि मयताचेही... दोन्ही एकाच हाताने बांधते, त्यामुळे भीती वगैरे प्रकार मला ठाऊक नाही. तरी हे लिहिते आहे, कारण मनातून जात नाही.

माझं माहेर भातकुलीचं. धाकटा भाऊ मंगेश तिथे झेंडू-शेवंती लावायचा. त्याला नाद एकच — हिंदीत डब केलेले सुपरहिरोंचे सिनेमे! बायकोला, सुनीताला घेऊन अमरावतीच्या थेटरात पहिल्याच आठवड्यात जायचा आणि नंतर दुकानात फुलं टाकायला आला की अख्खी स्टोरी सांगायचा. गिऱ्हाईक ताटकळलं तरी याचं चालूच.

गेल्या वर्षी असाच एक सिनेमा पाहून दोघं आले. मंगेश म्हणाला, "ताई, सगळ्यायले वाटते हिरो मेला. अन् तो संध्याकाळी घरी येते. पायरीवर बसते, बूट काढते, उलटे करून झटकते, अन् मंग आत जाते. माय सैपाक करून राहते..."

सुनीता मध्येच म्हणाली, "काहीबी सांगता! मी बाजूलेच होती. असा सीन नव्हताच."

मी म्हटलं, "काहून रे, तुया हिरोच्या बुटात विंचू शिरला का?" कारण ही आमच्या वावरातली सवय. काळ्या मातीत काम करणारा माणूस बूट झटकल्याशिवाय घालतही नाही, ठेवतही नाही. परदेशातला हिरो कशाला झटकेल?

मंगेश हसला नाही. "मी पाह्यला ना. शेवट नाई सांगत. तुमी पाहा."

दिवाळीच्या तोंडावर शेवंती तोडता तोडता तो बांधावर कोसळला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. चांगला धडधाकट माणूस...

सुनीताने त्याचे बूट दाराबाहेरून हलवू दिले नाहीत. रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढायची आणि समोर बसून राहायची. अन्न निवून जायचं, मग ते गाईला. स्वतः दोन घास खाल्ले तर खाल्ले. पोरगी वाळून काडी झाली होती. आई समजावून थकली, मी रागावून थकले. एकदा तर मी ताट उचलायला गेले, तिने माझा हात धरला. "ताई, ते आले तं?" मी ताट तिथेच राहू दिलं.

उन्हाळ्यात त्याच सिनेमाचा, थेटरात कापलेले सीन जोडून लांबवलेला डायरेक्टर्स कट मोबाइलच्या ॲपवर आला. मी भातकुलीलाच होते. सुनीता आपणहून म्हणाली, "लावा ताई. त्यायनं शेवट सांगतला नाई."

टळटळीत दुपार, कूलरची घरघर. मोबाइल टीव्हीला जोडला. आई हारासाठी दोरे तोडत बसली होती. सिनेमा संपता संपेना. मारामारी, इमारती पडणं... मी पेंगले होते खरं तर.

आणि तो सीन आला.

संध्याकाळ. हिरो पायरीवर बसला. बूट काढले. उलटे करून पायरीवर आपटले, शेजारी नीट ठेवले. आईच्या हातातला दोरा खाली पडला. "मंगेशच हाय हा," ती म्हणाली. आत त्या हिरोच्या आईने ताट वाढलं. तो बसला नाही. उभ्या उभ्याच हिंदीत म्हणाला, "मेरी थाली अब मत लगाना. तुम खा लो." आणि गेला.

सुनीता उठली. टीव्ही चालूच होता. मंगेशचं ताट काढलं, त्यात स्वतःला वाढून घेतलं आणि जेवली. पोटभर जेवली. मी पदर तोंडाला लावून रडले.

अकोल्याला परतल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ट्रेलरमध्ये असेल, नाहीतर कुठे लीक झाला असेल." म्हणून त्याला दाखवायला मी तो सीन काढला. घर तेच, ताट तेच, वाक्य तेच. फक्त हिरो बूट घालूनच सरळ आत येतो. पायरीवर बसतही नाही... मी मागेपुढे करून किती वेळा पाहिलं. पण आम्ही तिघींनी पाहिलं होतं!

सुनीताला हे सांगायची हिंमत झाली नाही. कळलं आणि पुन्हा ताट वाढायला लागली तर? परवा वर्षश्राद्धाला गेले तेव्हा आई म्हणाली, "तो सिनेमा पुन्हा लाव ना." मी घाईने थाप मारली, "ॲपवरून काढला तो."

भांडी घासायला बसलो तेव्हा सुनीता हळूच म्हणाली, "काढला नाई ताई. मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाह्यला. तो बूट झटकतच नाई."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मंग?"

"मंग काय... सिनेमातला असता तं मी त्याचं ऐकलं असतं का?"

दारात पाहिलं, बूट नव्हते. तिने ते धुऊन आत ठेवले होते. मला आजही याचा उलगडा झालेला नाही. आणि खरं सांगू, आता तो करून घ्यावा असं वाटतही नाही. पोरगी दोन वेळा जेवते आहे.