नारळावर येणारे साहेब

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ते अजून ठरत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय ते तर मंत्री होऊन गेलेले. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

नाना, म्हणजे माझे वडील, दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात माइक-मंडपाचा धंदा करतात. लग्नाचं, हळदीचं भाडं ते सोडत नाहीत. साहेबांच्या सभेचं मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. गावाची रीतच तशी होती. चहा एकाचा, सतरंज्या दुसऱ्याच्या, माइक नानांचा. साहेबही बोलून झालं की नारळ-टोपी घेऊन निघायचे. नाना कर्णा बांधायला निंबावर चढले की ते खालून ओरडायचे, "नाना, पडशात हां! मंग मन्हा आवाज कोन पोचाडी?" हे वाक्य नाना अजून पाहुण्यांना ऐकवतात.

यंदा जळगावला आमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनासाठी पाहुणा शोधणं चाललं होतं. साहेबांचं मंत्रिपद कधीच गेलेलं. आता ते ठिकठिकाणी व्याख्यानं देतात, एवढंच ऐकून होतो. बैठकीत मी सहसा तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "साहेब आमच्या घरचेच आहेत सर. नारळावर येतील." सरांना फार आनंद झाला. नानांना कळवलं तर तेही खूश. "मन्हं नाव सांग फक्त. येतीन."

साहेबांच्या स्वीय सहायकांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बजेट काय तुमचं?"

मला वाटलं मंडपाचं विचारताहेत. म्हणालो, "माइक वडील आणतील."

ते हसले. "अहो, मानधन. साहेबांचं तीन लाख. विमानाचं तिकीट वेगळं."

सरांना सांगताना माझी मान वर होईना. कॅन्टीनमध्ये मुलं विचारू लागली, "काय नारळवाले, सोलला का?" तेही सहन झालं असतं. पण नानांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी स्वतः फोन लावला. त्याच सहायकांनी त्यांना सांगितलं की साहेबांची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी भाषणं बंद केली आहेत. मग नाना माझ्यावर उखडले. "आजारी मानूसवर आळ लेस? हाईच शिकाडं का तुले कॉलेजमा?"

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. घरी फोन केला की मायच उचलायची.

बोलण्याचे पैसे घ्यावेत की नाही, हे मला कळत नाही. कदाचित घ्यावेतही. पण मला भाव सांगितला आणि नानांना आजार, हे मनातून जात नाही. नानांना काय सांगितलं की पटेल, ते त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. इतकी वर्षं फुकट माइक लावणारा माणूस कसा असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांच्या त्या एका वाक्याने माझ्याच घरात मी खोटा ठरलो.

संमेलन झालं. जळगावातल्याच एका डॉक्टरांनी भाषण केलं, बरं केलं. मला त्यातलं काही आठवत नाही.

काल मायचा फोन आला. नाना अँप्लिफायर दुरुस्तीला धुळ्याला गेले होते. तिथे एका हॉलबाहेर साहेबांचा मोठा फलक दिसला. व्यापाऱ्यांचा कार्यक्रम होता, पासशिवाय आत सोडत नव्हते. नाना रस्त्यावरच्या स्पीकरखाली उभे राहिले आणि सगळं भाषण ऐकून, शेवटच्या बसने घरी आले.

"काही म्हणाले का?" मी विचारलं.

"काही नही, भाऊ. जेवनात बी नहीत," माय म्हणाली. "तुले फोन लावाले मोबाइल हातमा लेतस, नि परत ठेवी देतस."