आफ्रिकेची रंगीत तालीम: महाड ते पोलादपूर, तोंड बंद ठेवून

आफ्रिकेला जायचं हे मी चौथीत असताना ठरवलं. बेत पक्का व्हायला साठ-एक वर्षं गेली, एवढंच.

दोष आमच्या गुरुजींचा. भूगोल मुलांच्या डोक्यात शिरावा म्हणून ते प्रत्येक धड्यावर स्वतः कविता रचायचे आणि आम्ही ती छपरावरची कौलं हलतील अशा आवाजात म्हणायचो. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशावरची मला अजून पाठ आहे:

उंच उंच या गवतामध्ये सिंह आळशी घोरत राही,
झेब्रा म्हणतो, उठेल तेव्हा धावू आपण, आता नाही!

पुढे महाडच्या कोर्टात कारकुनी केली, निवृत्त झालो, पण तो झेब्रा काही डोक्यातून धावून गेला नाही. शेवटी ठाण्याची लेक माधवी म्हणाली, "बाबा, चला. टांझानिया. आई, तुम्ही आणि मी." मी लगेच झेब्र्याची कविता म्हणून दाखवली. तिने ती फोनवर पूर्ण ऐकून घेतली. मग ती म्हणाली, "तोच तर प्रश्न आहे."

प्रश्न असा. मागे आम्ही विदर्भातल्या एका जंगलात वाघ बघायला गेलो होतो. वाघ झुडपातून अर्धा बाहेर आला, मला भरून आलं, आणि मी मोठ्याने कवितेला सुरुवात केली. वाघ तितकाच अर्धा परत आत गेला. गाडीतली इतर माणसं स्टेशन येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीत. मला वाटलं होतं, त्यांना कविता आवडली म्हणून गप्प आहेत.

म्हणून माधवीने अट घातली. आधी तालीम. एक पूर्ण दिवस जीपमध्ये, घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. काही विचारायचंच असेल तर फक्त गाईडला, तेही हळू आवाजात. तिथल्या सफारीत तसाच नियम असतो. परीक्षक सुमती, म्हणजे माझी बायको. मी नापास झालो तर माझ्या जागी माझी थोरली बहीण, अक्का, जाणार. अक्काने तर उन्हाची टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती.

तुमच्यापैकी कुणी असा बेत करत असेल तर तयारीचं थोडं सांगतो. पिवळ्या तापाची लस लागते, ती महाडात मिळत नाही, मुंबईला जाऊन घ्यावी लागते आणि निघण्याच्या पुष्कळ आधी घ्यावी लागते. छोट्या विमानात बसायचं असेल तर कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशवी लागते. आणि कपडे मातकट रंगाचे. गडद निळा नको, तिथली एक चावरी माशी निळ्यावर धावून येते म्हणतात. मी बाजारात जाऊन खाकी शर्ट-पँट शिवून घेतली. शिंप्याने माप घेताना विचारलं, "काका, या वयात होमगार्डात घेतात?"

या खाकीने सकाळीच घात केला. आमच्या गल्लीत जीप वळत नाही, म्हणून ड्रायव्हर बाळूने एसटी डेपोसमोर उभं राहायला सांगितलं होतं. मी उंबरा ओलांडला तेव्हाच तोंड बंद केलं होतं. डेपोसमोर पाचच मिनिटांत एका बाईने बोचकं माझ्या पायाशी ठेवून विचारलं, "मास्तर, पोलादपूर लागली का?" मी मान हलवली. "लागली नाय का लागनार नाय?" मी हात हलवले. तोवर आणखी दोघं आले. एकाने सुट्टे पैसे पुढे केले. "बोलत नाय बघा," बाई त्यांना म्हणाली. "कंडक्टर झाले की अशी मिजास येते." मी सुमतीकडे बघितलं. ती डेपोच्या पाटीकडे अतिशय बारकाईने बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

बाळू जीप घेऊन आला. हा पोलादपूरचा, पन्नाशीचा, बरीच वर्षं मुंबईत टॅक्सी चालवून परत आलेला. त्याने जीपचं कापडी छप्पर गुंडाळून ठेवलं होतं, म्हणजे अगदी आफ्रिकेसारखं. "काका, फुल सफारी फील येनार. टेन्शन नाय घ्यायचं."

पहिला मुक्काम सावित्रीचा काठ. थंडीत ऊन चढू लागलं की मगरी वर येऊन पसरतात. आम्ही महाडकर त्यांना बघत नाही, त्या आम्हाला बघतात. पण त्या दिवशी आम्ही दुर्बीण लावून रीतसर बघितल्या. तीन होत्या. एकीने जबडा उघडा ठेवला होता, आणि मला तिचा हेवा वाटला.

"हीच बघायला विमानानं जानार?" बाळूने विचारलं.

"तिकडच्या मोठ्या असतात," सुमती म्हणाली.

"पन ह्या आपल्या हायत ना, काकी."

यावर मला किती बोलायचं होतं! आपली नदी, आपली मगर, चौथीचा भूगोल. नुसता श्वास सोडला. शेजारी कपडे धुणारी बाई म्हणाली, "बाबांना बरं नाय वाटतं."

महाड ते पोलादपूर हा हायवेवरचा अर्ध्या तासाचा रस्ता. पोलादपुरात नाक्यावर मिसळ खाल्ली. मिसळ झणझणीत, पाव ताजा, चहा गोड. खुणा करून मी "तर्री कमी" सांगितलं आणि पोऱ्याने दुप्पट तर्री आणली. सफारीला निघणाऱ्यांनी न्याहारी पोटभर करावी, पण पाणी बेताने प्यावं; जिथे सिंह असतो तिथे गाडीतून उतरता येत नाही. तेवढ्यात सुमतीचा फोन वाजला. अक्काचा आवाज फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो.

"बोलला का गो?"

"अजून नाही, वन्सं."

"बोलेल, बोलेल. मिसळ तिखट हाय का?"

पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढतो. रस्ता अरुंद, वळणं अंगावर येणारी. पोटाचा त्रास असणाऱ्यांनी पुढे बसावं आणि दरीकडे बघू नये. मी दोन्ही पाळलं नाही. थोडं वर गेल्यावर बाळूने जीप एका कच्च्या फाट्यावर वळवली आणि धुळीतून चढत चढत आम्ही डोंगरमाथ्यावर निघालो.

आणि तिथे ते होतं. गवत! पिवळं, कमरेएवढं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं, पार कड्यापर्यंत. मधे एकच पसरट झाड. झाडाखाली म्हशी. माझ्या चौथीच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं होतं ते असंच. फक्त सिंह नव्हता. ओळी घशापर्यंत आल्या. "उंच उंच या" इतकं तर ओठांवर बसलंच होतं. मी रुमाल तोंडात धरला. सुमतीने घड्याळाकडे बघितलं.

झाडाखाली आम्ही चटई टाकून बसलो, म्हणजे जनावरं न्याहाळत बसलो. बाळू जीपमध्ये झोपला. एक म्हैस सावकाश आली, तिने माझी गवती टोपी डोक्यावरून उचलली आणि शांतपणे खाल्ली. मी हूं की चूं केलं नाही. हे सुमतीने परीक्षेत धरावं असं माझं अजून मत आहे.

म्हशींमागून त्यांची मालकीण आली. भागाबाई नाव. जवळच्या वाडीतली, वयाने आमच्याएवढीच, हातात काठी, कनवटीला चंची. तिने मला नमस्कार केला, कुठून आलात विचारलं, पाऊसपाणी विचारलं. मी प्रत्येक वेळी हसून मान डोलावली. तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि सुमतीजवळ जाऊन बसली.

"मुके हायत काय गो?"

आता सुमतीने खरं सांगायला काय हरकत होती? पण ती म्हणाली, "हां गो. सकाळपास्नं."

"अगो बाय माझे! अंगावरनं वारं गेलं?"

"काय गेलं ते देवाला ठावं. कालपर्यंत थांबत नवते."

भागाबाईने कपाळावर हात मारला. मग चंचीतून वेखंडाचा तुकडा काढला, दगडावर पाण्याचे थेंब टाकून उगाळला आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. "जीभ काडा. आमच्या वाडीत उशिरा बोलनाऱ्या पोरांना हेच देतात."

मी सुमतीकडे बघितलं. सुमती म्हणाली, "काढा ना. एवढ्या मायेनं देतेय."

वेखंड ज्यांनी चाटलेलं नाही त्यांना कसं सांगू? आधी कडू. मग तिखट. मग असं वाटतं की जीभ आपली नाही, कुणाची तरी ठेवायला घेतलीय. डोळ्यांतून पाणी आलं. "गुन येतोय," भागाबाई समाधानाने म्हणाली आणि डोंगराकडे वळून हात जोडले. "देवा, ह्यांची वाचा आली की ह्यांच्या हातचा नारळ देईन."

मी जीभ बाहेर काढून वाऱ्याला धरली आणि त्या दोघी बोलायला लागल्या.

सुमती पाचाडच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, हे मला अर्थातच माहीत आहे. घरी गुरं होती, तेही. पण ती बोलते ती महाडच्या भाषेत, मोजकं आणि नीटनेटकं. इथे मात्र ती घडीभरात "नाय" आणि "हाय" वर उतरली, पाय पसरून बसली, आणि हातवारे करत सांगायला लागली.

"आमची चांदनी म्हनून म्हस हुती. कपाळावर पांढरा ठिपका. येक दिस सांजच्याला घरी आलीच नाय. मी धा वर्सांची. बाला सांगितलं तर मार बसंल, म्हनून येकलीच परत वर ग्येले."

"अगो!"

"तर चांदनी गवतात हुबी. हलंना का डुलंना. म्हनलं, हिला झालं काय? आनि मंग बघितलं. तिच्याफुडं, इथनं त्या दगडाएवढ्यावर, वाघरू."

वाघरू म्हणजे आमच्याकडे बिबट्या. माझी जीभ आपोआप आत गेली.

"मंग?" भागाबाई पुढे सरकली.

"मंग काय! मी खाली बसले. दगडासारखी. पापनी लववली नाय. ते माझ्याकडं बघतंय, मी त्याच्याकडं. आनि त्येनं पाय उचलला..."

फोन वाजला.

"बोलला का गो?" अक्का ओरडली.

त्या एका फोनवर अक्काने आफ्रिकेत काय काय खायला मिळतं, तिला मांसाहार चालणार नाही, भाकऱ्या न्याव्यात का, सगळं विचारून घेतलं. तोवर म्हशी पांगल्या, भागाबाई "धार काडायची येळ झाली, येते गो" म्हणत काठी आपटत निघून गेली. आणि वाघराचा पाय तसाच उचललेला राहिला.

परत निघालो. ऊन उतरलं होतं, दऱ्या निळसर होत होत्या, बघण्यासारखं पुष्कळ होतं. मी काहीच बघितलं नाही. पाय कुठे ठेवला? पुढे की मागे? चांदणी जागची हलली का नाही? आणि ही समोर बसलेली बाई दहा वर्षांची असताना त्या गवतात किती वेळ तशी बसली होती? माझ्यापुढे एका बाजूला उभी आफ्रिका होती, दुसऱ्या बाजूला एक उचललेला पंजा. उंबरा अजून तासाभरावर. घरी पोचल्यावरही विचारता आलं असतं. पण घरी दूध तापवायचं असतं, बातम्या असतात, माधवीचा फोन असतो, आणि मुख्य म्हणजे घरी मी बोलत असतो.

दुसऱ्या वळणावर मी हळूच म्हटलं, "मग?"

बाळूने कचकन ब्रेक मारला. "काकी! बोलले!"

सुमतीने माझ्याकडे बघितलं. "काय मग?"

"चांदणीचं. आणि त्याचा पाय." जीभ अजून जड होती. "पुढे काय झालं?"

तिने बाळूला गाडी काढायला खुणावलं. मग म्हणाली, "गेली तुमची आफ्रिका."

"गेली," मी म्हटलं. "सांग."

मग तिने महाडपर्यंत सांगितलं. वाघराने पाय उचलला तो चाटायला. चाटला, जांभई दिली आणि तिथेच बसलं. चांदणी हलत नव्हती कारण तिच्या मागे, गवतात, नुकतंच जन्मलेलं रेडकू होतं. तिघं तशीच राहिली, सुमती, चांदणी आणि वाघरू, बाप कंदील घेऊन हाका मारत येईपर्यंत. हाकांनी वाघरू उठून गेलं. "जाताना मागं वळून बघितलं त्यानं," ती म्हणाली. "मला वाटलं, उगाच हाका मारल्या बानं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला घेतलं होतं. लग्न झालं त्या वर्षी. 'एकदा वाघ बघितला' एवढं म्हटलं आणि तुम्ही वाघाची कविता सुरू केलीत. लांब होती."

बाळू मोठ्याने खोकला.

घरी पोचल्यावर माधवीचा फोन. सुमतीने स्पीकर लावला आणि मी खुर्चीत आरोपीसारखा बसलो. कोर्टात इतकी वर्षं काढली, पण निकालाची वाट बघणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

"बोलले का बाबा?"

"बोलले. घाटात."

"अरे देवा. मग आत्याला कळवू?"

"कशाला? गाईडला हळू आवाजात विचारलं तर चालतं, असं तूच म्हणालीस ना?"

"हो, पण गाईड कुठे होता?"

"त्या गाडीत वाघरू कुणी बघितलं होतं?" सुमती म्हणाली आणि दूध तापवायला आत गेली.

तर तिकिटं निघताहेत. अक्काने रागाने टोपी पाठवून दिली आहे. माझी म्हशीने खाल्ल्यामुळे ती उपयोगी पडेल. मी काय घेऊन आलो म्हणाल तर जिभेवर दोन दिवस वेखंड राहिलं, आणि कानात तो कंदील घेऊन हाका मारणारा बाप. टांझानियात सिंह दिसला तर मी त्याच्याकडे बघेनच, पण एक डोळा सुमतीवर ठेवणार आहे. ती कशी बसते ते बघायचंय.

मात्र निघण्याआधी त्या डोंगरावर जाऊन नारळ द्यावा लागणार. बाळूने दुसऱ्याच दिवशी वाडीत बातमी पोचवली आणि संध्याकाळी त्याच्याच फोनवरून भागाबाई ओरडत होती. "वाचा आली म्हनं! मी म्हनलं नवतं? पयला शबूद काय बोलले गो?"

सुमतीने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"'मग?' म्हणाले," ती म्हणाली.

पलीकडे क्षणभर विचार झाला.

"आनखी येकदा चाटवा," भागाबाई म्हणाली. "म्हंजी टिकंल."