मनोजचा चिरा

वडपे गावातल्या गोडाऊनात झाडू मारणारी गुणाबाई तशी कुणाला भिणारी बाई नव्हे. सुपरवायझरलाही तोंडावर सुनवायची. पण दोन वर्षांपासून ती एका दगडाला भीत होती.

डोंगराच्या पायथ्याशी तिच्या पाड्यातल्या मेलेल्यांचे चिरे रांगेने उभे आहेत. त्यांतला एक तिच्या मनोजचा, हायवेवर ट्रकखाली गेलेल्या एकुलत्या एका पोराचा. चिऱ्यावर माणूस कोरतात, आणि त्या कोरलेल्या डोळ्यांनी मेलेला आपल्या माणसांना बघतो, असं पाड्यात मानतात. पावसात चिऱ्यावर शेवाळ चढायचं, दिवाळीपर्यंत वाळून आपोआप गळायचं. मग काथ्याने पुसून शेंदूर लावायचा, ही रीत.

गेली दोन वर्षं दिवाळी उलटली तरी पाऊस हटत नाही आणि थंडी नावालाच पडते. शेवाळ वाळेना. मनोजचे डोळे हिरव्याखाली बुजले. भगत म्हणाला, पोरगा रडतोय, त्याचं काहीतरी राहिलंय. झालं! गुणाबाईला झाडू मारताना पाठीमागे ओली पावलं ऐकू यायला लागली. अपघाताच्या दिवशी तिच्याकडून डबा उशिरा झाला म्हणून मनोज घाईने निघाला होता, तेच तिला खात राहिलं. सून रुचिका परोपरीने सांगे, की हवाच बदललीय, ओल जात नाही, मग शेवाळ मरणार कधी? पण धसका घेतलेल्या माणसाच्या गळी शहाणपण उतरत नाही.

एका सकाळी गुणाबाईने गोडाऊनमधला शटरचा गंज काढायचा तारेचा ब्रश नेला आणि चिरा खसाखसा घासायला घेतला. पी हळद नि हो गोरी! ओलीने दगडाची साल भुसभुशीत झाली होती, ती हिरव्यासकट पापुद्र्यासारखी सुटली. आधी नाक गेलं, मग डोळे.

हात थांबला, तेव्हा कुठे तिने आजूबाजूला पाहिलं. सासऱ्याचा चिरा हिरवा, शेजारच्या गोदूबाईचा हिरवा, सगळी रांगच हिरवी. काखेत कळसा नि गावाला वळसा. इतके दिवस तिची नजर आपल्या दगडापलीकडे गेलीच नव्हती. मनोजचं काही राहिलं नव्हतं. डब्याचाही दोष नव्हता.

रुचिका शोधत आली. चिरा बघून नवीन घडवून घेऊ म्हणाली. गुणाबाई त्या सपाट जागेवरून हात फिरवत राहिली.

"पोरगा रडत न्हवता गं," ती म्हणाली. "हिरव्याआडून मला बघत व्हता. आन् मीच त्याला आंधळा केला."